वास तेवढा खरा लिहा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मान खाली जाते. नोकरीतल्या चांगल्या तपासांच्या गोष्टी सांगायला मला आग्रह करावा लागत नाही. ही मात्र घरातही कधी सांगितलेली नाही.

चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. महिनाअखेर होती. दारूबंदीच्या केसेस किती, असा प्रश्न वरून रोज सकाळी यायचा आणि आमचा आकडा लंगडा पडत होता. अशात फोनवर खबर आली की, कुरुळीच्या बाजूला राहणारे एक शिक्षक घरात दारू गाळून विकतात. खबर देणारा त्यांचा शेजारी, कंपनीतल्या कामगारांना खोल्या भाड्याने देणारा. मी जास्त खोलात गेलो नाही. भुकेला कोंडाही चालतो.

सर विज्ञान शिकवायचे. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांच्या माळ्यावर चिनी मातीच्या तीन बरण्या सापडल्या, तोंडाला फडके बांधलेल्या. भट्टी नाही, नवसागर नाही. सोबत एक वही होती, प्रयोगवहीसारखी नेटकी. जांभळाचा रस, साखर, यीस्ट आणि मग बडीशेप, ज्येष्ठमध, ओवा, दालचिनी, संत्र्याची साल. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून जडीबुटीच्या मद्याची बाटली आणली होती. ती चव घरच्या वाइनमध्ये उतरते का, हे सर दोन वर्षे करून पाहत होते. तिसऱ्या बरणीवर चिठ्ठी होती, 'ओवा जास्त झाला.'

नमुन्याच्या बाटल्या लाखेने सील केल्या आणि बाकीचा माल आम्ही गटारात ओतला. सगळ्या गल्लीत बडीशेपेचा वास सुटला.

दारूच्या पंचनाम्यात एक वाक्य ठरलेले असते, 'आंबट, उग्र वासाची गावठी हातभट्टीची दारू'. आमच्या हवालदारांच्या हातात ते इतके बसलेले की, त्या बडीशेपेच्या वासात उभे राहून त्यांनी तेच लिहिले. पुढे 'विक्रीकरिता जवळ बाळगलेली' हेही सवयीने आले. मी वाचले आणि खाली सही केली. नाक मलाही होते.

ठाण्यात सरांना मी दोन तास बसवले. गिऱ्हाईक कोण, बाटली कितीला देता, हेच फिरवून फिरवून विचारले.

"साहेब, परवाना नव्हता आणि बनवली मीच. त्याची शिक्षा मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण एक थेंबही विकलेला नाही. आणि वास तेवढा खरा लिहा. हातभट्टीवाला म्हणून मला वर्गात उभं राहता येणार नाही."

"जे काय ते कोर्टात सांगा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेजारी स्वतःच ठाण्यात आला. "मास्तरला आत टाकला का न्हाई, साहेब?" मी त्याला चहा पाजला आणि बोलता केला. त्याच्या खोल्यांचे सांडपाणी रस्त्यावर येते म्हणून सरांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता, एवढे बाहेर आले.

"विकताना तुम्ही पाहिलंत?"

"म्या कुठं बघितलं? पर बनवतोय म्हंजी इकतच आसंल की."

खबर खोटी होती आणि कारणही हाती लागले होते. एरवी अशा वेळी मी खूश झालो असतो. त्याचा जबाब नोंदवला असता तर विक्रीचा आरोप काढायला एक पान पुरले असते. पण आकडा वर गेला होता, वरून शाबासकीही आली होती. मी त्याला चहा संपवून जायला सांगितले. जबाब घेतलाच नाही.

सर निलंबित झाले. निवृत्तीचा दिवस त्यांनी घरातच काढला. शाळेत निरोप समारंभ झाला नाही.

खटला उभा राहिला तेव्हा माझी बदली झाली होती. साक्षीला गेलो. सर समोरच बसले होते. त्यांच्या वकिलांनी विचारले, "ओतलेल्या द्रवाला बडीशेपेचा वास येत होता, हे खरं आहे का?"

हो म्हणालो असतो तर सरांचे नाव धुऊन निघाले असते आणि पंचनामा माझ्या अंगाशी आला असता. नाही म्हणण्याइतका मी निर्ढावलेला नव्हतो. मग साक्षीत आम्ही पोलीस नेहमी देतो ते उत्तर दिले, "आठवत नाही."

विनापरवाना बनवल्याचा गुन्हा सरांनी कबूल केला आणि दंड भरला. विक्रीच्या आरोपातून ते सुटले, पण संशयाचा फायदा मिळून. कोर्टाच्या पायऱ्यांवर ते भेटले. रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"गावात म्हणतील, पुरावा मिळाला नाही म्हणून मास्तर सुटला," ते म्हणाले. "साहेब, तुम्हाला आठवत होतं."



पोलिसाचे पाप म्हणजे मारहाण किंवा लाच, असे लोकांना वाटते. मी दोन्हींपासून लांब राहिलो आणि त्याचा मला अभिमान होता. पण माणसाला आयुष्यातून उठवायला सवयीने लिहिलेली एक ओळ पुरते, आणि ती खोटी आहे हे माहीत असून गप्प बसलेला एक अधिकारी.

रोज जेवण झाले की बायको बडीशेपेची वाटी पुढे करते. मी नको म्हणतो. दाढेत अडकते, असे तिला इतकी वर्षे सांगत आलो आहे. छापून आल्यावर हे ती वाचेलच.