माझ्या सहीचं सील

चहा येईपर्यंत माझ्या शहाणपणाची एक गोष्ट ऐकून घ्या. हसू आलं तर दाबू नका. आमच्या घरात यावर कुणी हसत नाही, निदान इथं तरी कुणी हसू दे.

तुम्ही मला ओळखताच. साळवे भाऊसाहेब. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं टेबल सांभाळलं, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, आणि एवढ्या नोकरीत एक कागद गहाळ होऊ दिला नाही. माझा दरारा कशाचा होता माहितीय? एका वाक्याचा. "सूचना वाचल्या का?"

माणूस तिकडं कन्नड तालुक्यातून एसटीत हादरे खात यायचा, अर्ज पुढं करायचा. मी अर्ज उलटा करायचो, मागच्या पानावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवायचो आणि लाल शाईनं शेरा मारायचो, 'सूचनांचे पालन न केल्यामुळे परत.' एक म्हातारा तर तीनदा आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "भाऊसायब, एवढं बारीक आमाला दिसत नाय. तुमीच सांगा ना एकदा तोंडानं." मी म्हणालो, "मग छापल्या कशाला?" खोलीतली सगळी मंडळी हसली. मीसुद्धा हसलो.

असो. तर आमची ऋतुजा, एकुलती एक पोरगी, पुण्याला नोकरीत होती. काम काय, तर घराचा नकाशा घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर अख्खं घर उभं करायचं. नुसतं चित्र नाही हो, त्या घरात फिरता येतं. जिना चढा, खिडकीतून डोकवा. अजून एक वीट लागलेली नसते, आणि मालक आपल्या स्वयंपाकघरातून चक्कर मारून येतो.

आमच्या हिच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा पोरगी आपणहून म्हणाली, "बाबा, मी घरूनच काम करते. ऑफिसवाले म्हणतात तीन महिने बघू. काम वेळेत गेलं तर कायमचं घरून. फक्त मशीन तगडं लागेल."

आता सांगा, पोरगी घरी राहणार म्हटल्यावर कोणता बाप मागं हटेल? हर्सूलच्या घरात आम्ही दोघं म्हातारे एकमेकांची औषधं मोजत बसायचो. ती आली तर जेवायला तिसरं ताट लागणार होतं. मला दुसरं काही नको होतं. निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, लावला. किंमत विचारू नका. हिला अजून खरी सांगितलेली नाही.

ऋतुजा म्हणाली, "सुटे भाग आणून जोडून घेऊ." मी म्हणालो, "आणि बिघडलं तर वॉरंटी कुणाकडं मागायची? दहा दुकानांत दहा पावत्या घेऊन फिरू? एका कंपनीचं, एका पावतीवरचं, तयारच घ्यायचं." ती कबूल झाली. बापाच्या अनुभवाला मान दिला पोरीनं. तिथंच तिचं चुकलं.

खोकं आलं त्या दिवशी ती पुण्याला सामान आणायला गेलेली. आणणाऱ्या दोघांनी उचलून आत ठेवलं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "नवा फ्रिज का भाऊसाहेब?" एवढं मोठं. मी स्वतः उघडलं. दुसऱ्याच्या हाताला मी नव्या वस्तूला शिवू देत नाही, ही माझी जुनी खोड.

सगळ्यात वर एक जाड पिवळा कागद, त्याखाली वॉरंटी कार्ड, त्याखाली पावती. माझा जीव सुखावला. तिन्ही कागद घेऊन तडक चौकात गेलो, लॅमिनेशन करून आणलं, फाईलला लावलं आणि फाईल कपाटात ठेवली. वाचले का म्हणता? अहो, कागद आधी जपायचा असतो. वाचायला काय, नंतर कधीही वाचता येतो.

मग मशीनकडं वळलो. काळं धूड. एका बाजूला काचेचं दार, आणि त्या काचेवर दुधी प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला. तो मी काढला नाही. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो आणि सोफ्याचं प्लॅस्टिक फाटलं तरी अजून निघालेलं नाही. काचेवर ओरखडे का पाडून घ्यायचे?

मागच्या बाजूला कंपनीचं छोटं रुपेरी सील होतं. तोडल्यास वॉरंटी रद्द. वा, म्हटलं, शिस्त आहे. पण काचेच्या दाराच्या दोन स्क्रूंवर बघतो तर सीलच नाही. एवढ्या मोठ्या कंपनीकडून ही चूक? कुणीही यावं आणि उघडावं? मी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, डिंक लावून दाराच्या फटीवर चिकटवली आणि वर सही ठोकली. खाली तारीख. निवडणुकीच्या वेळी कचेरीतल्या खोल्या अशाच सील केल्यात मी, कुणाची हात लावायची छाती झाली नाही.

ऋतुजा आली आणि बघतच राहिली. "बाबा, हे काय?"

"सील."

"कुणाचं?"

"माझं."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या तीन महिन्यांत ती मनापासून हसलेली मला आठवते ती तेवढीच.

पहिले चार दिवस मशीन गुणी बाळासारखं चाललं. मेल बघा, नकाशे बघा, काही तक्रार नाही. पाचव्या दिवशी तिनं खरं काम लावलं, घरात फिरायचं वगैरे. आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज सुरू झाला, दहा मिनिटांनी गप्पकन् पडदा काळा. पुन्हा चालू केलं, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा काळा.

मी काय स्वस्थ बसणारा आहे? विजेचा दाब कमीजास्त होत असेल म्हणून स्टॅबिलायझर आणला. तरी बंद. टेबलफॅन आणून बरोबर काचेवर वारा सोडला. काच गार झाली, मशीन बंदच. ही म्हणाली, "लई लोकं बघून गेली त्याला. नजर लागली आसंल." आणि तिनं मशीनवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. मी हिला हसलो. खरं सांगू, आमच्या घरात केलेला सगळ्यात निरुपद्रवी उपाय तोच होता.

ऋतुजा म्हणाली, "बाबा, आत गरम होतंय. दार उघडून बघू या ना."

"वॉरंटी जाईल."

दोन दिवसांनी पुन्हा. "बाबा, दोन मिनिटं. मी काही हलवत नाही, नुसतं बघते."

"पोरी, वॉरंटी गेली तर तुझा बाप काय करणार?"

तिसऱ्यांदा ती माझ्यासमोर त्या पट्टीपाशी उभी राहिली. नखानं टोकरली असती तरी निघाली असती. पण माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि जाऊन खुर्चीत बसली.

मी कंपनीला रीतसर तक्रार केली, विषय आणि संदर्भ घालून. उत्तर म्हणून त्यांनी प्रश्नांचा तक्ता पाठवला. त्यात एक प्रश्न होता, 'पॅकिंग पूर्णपणे काढले आहे काय?' मी माळ्याकडं पाहिलं. खोकं घडी घालून सुतळीनं बांधून ठेवलेलं. होय. 'मशीनला हवा मिळते काय?' अहो, समोर टेबलफॅन आहे. होय. सगळीकडं होय लिहून पाठवलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. आपण दिलेल्या माहितीनुसार मशीनमध्ये दोष दिसत नाही, वापरातलं सॉफ्टवेअर तपासावं.

ते मी छापून आणलं आणि ऋतुजाच्या टेबलावर ठेवलं. "हे बघ. कंपनीनं लेखी दिलंय. मशीन चांगलंय."

"बाबा, पुण्यात हेच सॉफ्टवेअर चालत होतं. मीच चालवत होते."

आणि मी म्हणालो, "मग तिथं तुला कुणीतरी सांभाळून घेत असेल."

तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. मला कळतंय मी काय बोललो. तेव्हा कळलं नाही. माझ्याकडं लेखी होतं, आणि लेखी असलं की मला समोरचं माणूस दिसत नाही, ही एकतीस वर्षांची कमाई. पोरगी उठली, आईच्या शेकाची पिशवी घेऊन आत गेली.

तीन महिने संपत आले. शेवटचं काम एका तिमजली बंगल्याचं होतं. तिनं तुकडे तुकडे करून ओढलं, दर दहा मिनिटांनी बंद पडणाऱ्या मशीनवर. वेळेत गेलं नाही. ऑफिसवाल्यांनी सांगितलं, पुण्याला येऊन काम करायचं असेल तर ये, नाहीतर राहू दे. तिनं बॅग भरली. बसमध्ये बसताना एवढंच म्हणाली, "आईला जिना चढू देऊ नका. आणि बाबा, ते मशीन विकून टाका."

घरी आलो तर ही तिसरं ताट धुऊन मांडणीवर उपडं ठेवत होती. म्हणाली, "ऱ्हायलं का तुमचं सील शाबूत?"

विकणार कसं? वॉरंटी बाकी होती ना. मशीनवर चादर टाकून ठेवलं. मग एक दिवस फाईल चाळताना दिसलं, वर्षाच्या वॉरंटीला आठ दिवस उरलेत. म्हटलं, आपला हक्क सोडायचा नाही, शेवटची फुकट तपासणी करून घेऊ. रिक्षात घालून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. फाईल काखेत.

काउंटरला सलीमभाई म्हणून गृहस्थ. पन्नाशीचे, सिल्लोडचे, चष्मा कपाळावर. त्यांनी मशीन फिरवून पाहिलं आणि पट्टीवर बोट ठेवलं. "चचा, ये सील कंपनी का नै है. किसने लगाया?"

"मी."

"कायकू?"

"कुणी उघडू नये म्हणून."

सलीमभाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "चचा, कंपनी का सील पीछे है. ये दरवाजा तो खोलने के वास्तेच दिया है. हातानं उघडतं हे."

त्यांनी माझी सही मधोमध चिरली. दुधी कागद सोलला. हातानं दोन स्क्रू फिरवले, दार उघडलं, आणि आत हात घालून हवा भरलेली एक प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. उशीएवढी. मग दुसरी, तिची हवा गेलेली, एका कडेनं पिवळी पडून आक्रसलेली. मग फोमचा एक ठोकळा. तान्ह्या पोराला पाळण्यातून काढावं तसं एकेक काढून काउंटरवर ओळीनं मांडलं.

"प्रवासात आतले पार्ट हलू नयेत म्हणून घालतात हे, भाऊ. घरी आल्यावर काढायचं असतं. पंखे फिरणार कुठून? आप साल भर ऐसाच चलाए?"

मी म्हणालो, "पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"पिवळा कागद आला असंल की खोक्यात. सबसे ऊपर."

होता ना. मी मोठ्या दिमाखात फाईल उघडली. पिवळा कागद, लॅमिनेशन केलेला, एक घडी नाही, एक डाग नाही. त्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत, इंग्रजीत आणि हिंदीत, खाली चित्रासकट लिहिलेलं होतं, चालू करण्याआधी दार उघडून आतलं पॅकिंग काढा.

सलीमभाई हळू आवाजात म्हणाले, "सूचना वाचल्या नाही का, चचा?"

मागं रांगेत पाचसहा जण होते. कुणीतरी फिस्सकन् हसलं. मला कन्नडचा म्हातारा आठवला. त्याला निदान अक्षरं बारीक होती.

आतला एक पंखा जळाला होता. मी म्हणालो, "वॉरंटीत बदलून द्या." सलीमभाईंनी मान हलवली आणि कागदावर शेरा लिहिला, स्वच्छ मराठीत. 'ग्राहकाने सूचना पाळल्या नाहीत. वॉरंटी लागू नाही.' मी वाद घातला नाही. मसुद्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती.

पंखा बदलून मशीन घरी आणलं आणि ऋतुजाला फोन लावला. सगळं सांगितलं, पिशव्यांपासून शेऱ्यापर्यंत. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला वाटलंच होतं आत काहीतरी अडकलंय," ती म्हणाली.

"मग पट्टी फाडली का नाहीस गं? दोन बोटांचं काम होतं."

"सही तुमची होती, बाबा."

मी म्हणालो, परत ये. आता पळतंय मशीन. म्हणाली, "इथं कायम केलंय मला. दिवाळीला येते ना."

तर आज आख्ख्या हर्सुलात सगळ्यात तगडा कॉम्प्युटर माझ्याकडं आहे. त्यावर मी वीजबिल भरतो आणि पत्ते खेळतो.

परवा त्यात ऋतुजाची एक फाईल सापडली. उघडली, तर आमचंच घर. हुबेहूब. अंगणातला नळ, हिची खुर्ची, सोफ्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा. आणि गच्चीवर एक खोली जास्तीची. तिनं स्वतःसाठी काढलेली, हर्सूलच्या तळ्याच्या बाजूला खिडकी असलेली. पोरीनं कायमचं राहायचं मनात आणलं होतं हो. मला दाखवायचं म्हणून केलं असणार, पण दहा मिनिटांत कोण जिना चढून वर पोचतं?

आता मशीन अडत नाही. मी बाणांची बटणं दाबत दाबत अंगणातून आत गेलो, जिना चढलो, गच्चीवर आलो. तिच्या खोलीचं दार बंद. पुढं जायला बघतो तर दारावर नुसता आपटतोय. सगळी बटणं दाबून झाली. ही मागं उभी होती, म्हणाली, "तिलाच इचारा की."

फोन लावला. म्हटलं, "ऋतू, वर तुझ्या खोलीपर्यंत आलोय. दार उघडत नाही गं."

ती म्हणाली, "बाबा, पडद्यावर खाली लिहिलंय. वाचा."