वडिलांची आमदारकी आणि आईचं हळदीकुंकू

वडिलांची राजकीय कारकीर्द एका गटारापासून सुरू झाली. लालबागला आमच्या चाळीमागचं उघडं गटार त्यांनी म्युनिसिपालटीशी भांडून झाकून घेतलं आणि त्या पुण्याईवर ते कॉर्पोरेटर झाले. पुढे त्यांना विधानसभेची स्वप्नं पडू लागली.

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. वडील राज्यकर्त्या पक्षाचे. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्ली म्हणत होती आणि दिल्ली म्हणेल ती पूर्व दिशा, असं वडील म्हणत होते. घरात मात्र दार लावून सांगायचे, मुंबई आपलीच, पण तिकीट अजून आपलं झालेलं नाही. गोळीबार झाला. शेजारच्या काकूंच्या भावाच्या मांडीत गोळी शिरली. वडिलांनी लगेच पत्रक काढलं. त्यात दुःख भरपूर होतं, फक्त गोळी कोणी झाडली ते नव्हतं.

त्या संक्रांतीला आईने नेहमीसारखं हळदीकुंकू ठेवलं. राजकारणातलं तिला काही कळत नसे. पण चाळीत बाळंतपण असो की मयत, पहिली हाक तिला यायची. गॅलरीतल्या दारोदारी जाऊन ती सगळ्यांना बोलावून आली. सगळ्या "येते हं" म्हणाल्या. काळी चंद्रकळा नेसून, तिळगुळाचं ताट आणि वाणाच्या फण्या पुढ्यात घेऊन ती दिवेलागणीपर्यंत बसली. एकही बाई आली नाही. काकूंनी तर भिंतीला भिंत असून दाराला कडी घातली. मला त्यांचा राग आला, आणि वडिलांचा त्याहून जास्त आला. सभेहून परतलेल्या वडिलांनी दोन लाडू तोंडात टाकले आणि राजकारणात हे चालायचंच म्हणून आम्हाला समजावलं. राजकारण करत होते ते, बहिष्कार पडला आईवर.

काही महिन्यांनी वडिलांचा विवेक जागा झाला. पक्षाने तिकीट दुसऱ्याला द्यायचं ठरवलं त्याच आठवड्यात तो जागा व्हावा, हा निव्वळ योगायोग. परळच्या मैदानात भरसभेत त्यांनी राजीनामा वाचला आणि गोळीबारात गेलेल्यांसाठी घळाघळा रडले. ज्यांनी त्यांच्यावर चपला फेकल्या होत्या त्यांनीच त्यांना खांद्यावर घेतलं. आपल्याकडे पाप धुवायला गंगेपर्यंत जावं लागत नाही, एक माइक पुरतो. चळवळीने त्यांना विधानसभेची उमेदवारीही दिली.

पुढच्या संक्रांतीला आईने कोणालाच बोलावलं नाही. वडिलांनीच चाळभर निरोप धाडला, कारण निवडणूक तोंडावर होती. बायका इतक्या आल्या की रांग जिन्यापर्यंत गेली. वडील दारात हात जोडून उभे. आईने प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं. काकू तर डोळ्यांत पाणी आणून तिच्या गळ्यात पडल्या. 

सगळ्या गेल्यावर वडील खुशीत म्हणाले, "बघ, आली की नाही सगळी चाळ?"

"आज त्या तुमच्याकडे आल्या होत्या," आई म्हणाली. "माझ्याकडे यायचं होतं ते गेल्या वर्षी."

वडील आमदार झाले. आईने पुन्हा कधी हळदीकुंकू केलं नाही.