कातर कापत नाही

माझी मावशी तीस वर्षं लोकांच्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावतेय आणि तीस वर्षं लोकांवर वैतागतेय. काका गेले तसं त्यांचं धारेचं चाक तिनं ताब्यात घेतलं. दुकान इतकं चिंचोळं, की गिऱ्हाईक बाहेर रस्त्यावरच उभं राहतं. सुरी हातात आली की मावशी तिच्या पात्यावरून अंगठा फिरवते आणि डोळे वटारते.

"हिनं पत्र्याचा डबा उघडलात ना?"

"नाही हो!"

"मग हे दात कुठून आले? सुरीला अक्कलदाढ फुटली काय?"

तिला कधीच ताप दिला नाही असं एकच गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे पलीकडच्या गल्लीतले शिंपी. काकांचे जुने मित्र. ते तिला वहिनी म्हणत, ती त्यांना भाऊजी. त्यांची ती जड, काळ्या मुठीची कातर वर्षातून दोनदा यायची आणि धार लावून मुकाट्यानं परत जायची.

गेल्या वर्षी मात्र ती एका महिन्यात तीनदा आली.

पहिल्यांदा ते म्हणाले, "वहिनी, कातर कापत नाही." मावशीनं पुन्हा धार लावली. दुसऱ्यांदा धार लावून तिनं त्यांच्यासमोर ओलं, पातळ फडकं पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत सरकन कापून दाखवलं.

"कापतेय की!"

"इथं कापते. माझ्या दुकानात नाही कापत."

"का? तुमच्या दुकानात पोलाद रुसून बसतं?"

तिसऱ्यांदा आले तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि मीही आत बसले होते. शिंपी त्या दोघांकडे बघत म्हणाले, "वहिनींचं वय झालं आता. हात पूर्वीचा राहिला नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारी तिनं शटर ओढलं, कातर काखोटीला मारली आणि मला म्हणाली, "चल गं. बघूच, कुणाचा हात राहिला नाही ते."

आपल्या दुकानात शिंप्यांनी टेबलावर कोटाचं कापड पसरलं आणि खडूच्या रेघेवर कातर चालवली. कापड कापलं जाण्याऐवजी दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकलं.

"बघा!" ते म्हणाले.

मावशी कातरीकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठ्याच्या बुडाशी असतो तो मांसल उंचवटा पार खोल गेला होता, आणि मूठ दाबताना अंगठा थरथरत होता.

"भाऊजी, हे कधीपासून?"

शिंप्यांनी हात खिशात घातला. मग हळूच म्हणाले, "मुंग्या येतात जरा. घरी बोलू नका. सून उद्याच दुकान बंद करायला लावेल."

अंगठा पात्याला पात्यावर दाबून धरतो, म्हणून कातर कापते. तो जोरच गेला तर धार कितीही असो, कापड दुमडणारच.

"अहो, तीन खेपा!" मावशी ओरडली. "चांगलं पोलाद मी उगाच घासून वाया घालवलं! त्यापेक्षा एकदा तोंड उघडलं असतंत तर जीभ झिजली असती का?" तिनं कातर उचलली. "डॉक्टरकडे जा. चिठ्ठी दाखवाल तेव्हाच ही मिळेल."

शिंपी नऊ दिवस फुगून बसले. बाजारातून नवी कातर आणली, तीही कापड दुमडायला लागली. दहाव्या दिवशी ते मनगटाला पट्टा बांधून आले आणि डॉक्टरची चिठ्ठी पुढे सरकवली. मनगटात नस दबली होती. पुढं लहानसं ऑपरेशन झालं. मुंग्या थांबल्या, पण अंगठ्यात जोर अर्धाच परत आला.

तोवर मावशीनं एक हलकी कातर शोधून ठेवली होती. तिनं तिची पाती जरा बाकवली, म्हणजे ती आपणहून एकमेकांना दाबून चालतील. मधला खिळाही घट्ट केला आणि मुठीला मऊ चामडं गुंडाळलं. शिंप्यांच्या हातून कापड सरळ कापलं जाऊ लागलं.

आणि शिंपी गल्लीभर सांगत सुटले, "वहिनींना जमली एकदाची धार!"

हे गल्लीतल्या औषधवाल्याकडून कळलं तेव्हा मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. तोवर तिची दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती.

"अगं, मग खरं काय ते सांग ना सगळ्यांना," मी म्हणाले.

"काय सांगू? शिंप्याच्या अंगठ्यात जोर नाही म्हणून? कापड द्यायला येईल का कुणी त्यांच्याकडे?" ती चाक फिरवत खेकसली. "बडबडू दे त्या शहाण्याला! आणि तू उजेडातून बाजूला हो आधी."