आखाजीला निघालेली माय

नोकरीतल्या बहुतेक घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. आखाजीच्या दिवशी हरवलेल्या त्या म्हातारीचा दिवस मात्र मला तासातासानं आठवतो. त्यातले तीन तास मी वाया घालवले होते, हे त्याचं खरं कारण.

तेव्हा मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खानदेशात लेकींचा सण. भाऊ सासरी जाऊन बहिणीला घेऊन येतो, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गाणी होतात. पुरुष मंडळी सावली बघून पत्ते कुटत बसतात आणि आमचं निम्मं बळ जुगाराच्या छाप्यांत अडकतं. त्या दिवशीही तसंच होतं. सकाळी नऊच्या सुमारास पन्नाशीचे एक शिक्षक धापा टाकत ठाण्यात आले. त्यांची आई पहाटेपासून घरात नव्हती. वय अठ्ठ्याहत्तर, चार वर्षांपासून विस्मरणाचा आजार. पोटच्या मुलालाही ती कधीकधी "भाऊ, तुम्ही कोनाना?" असं परक्यासारखं विचारायची.

ठाणे अंमलदारानं मिसिंग दाखल केली. उंची, वर्ण, हिरवं नऊवारी लुगडं, हातात सोन्याच्या दोन पाटल्या. पाटल्या ऐकल्या आणि माझं डोकं एकाच दिशेनं चालायला लागलं.

"जाण्यासारखं कोणी नातेवाईक?" मी विचारलं.

"नाही साहेब. आम्ही दोघं भाऊ, दोघंही इथंच."

फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला, शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला, दवाखाने आणि विहिरी बघायला माणसं धाडली. उन्हाळा आमच्याकडे माणसाला उभं जाळतो. म्हातारी दुपारच्या आत सापडली नाही तर जिवंत सापडणार नाही, हे मला कळत होतं.

साडेदहाला बस स्थानकासमोरच्या चहावाल्याचा फोन आला. पारोळ्याकडे जाणाऱ्या एका प्रवासी रिक्षात म्हातारी बसली होती आणि रिक्षावाल्यानं स्वतः हात धरून तिला बसवलं होतं. अकराला रिक्षावाला माझ्यासमोर होता. तिशीचा, किडकिडीत, घाबरलेला. तिला अमुक फाट्यावर उतरवलं, एवढंच तो सांगे.

"तिकडे तिचं कोणी नाही. पाटल्या कुठे आहेत?"

"तिना हातमाच व्हत्या, साहेब."

"भाडं किती घेतलंस?"

"काहीच नही लिधं."

इथंच तो माझ्या मनातून उतरला. फुकट कोण कोणाला नेतं? रिक्षाची झडती घेतली, घरी माणूस पाठवला, हवालदार फाट्यावर जाऊन आला. सणामुळे तिथलं एकुलतं दुकान बंद, फाटा ओस. माझा संशय पक्का झाला. तोच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारत राहिलो. शेवटी त्यानं मान खाली घातली आणि बोलणंच सोडलं. गप्प बसला म्हणजे गुन्हेगार, असा माझा तेव्हा ठाम समज होता. दोन वाजले.

आमच्या ठाण्यात धुळ्याकडची एक महिला शिपाई होती. तिनं त्याला पाणी दिलं आणि सहज विचारलं, "भाऊ, मायनी तुले काय सांगं?"

तो लगेच बोलता झाला. "आखाजी शे, मना भाऊ लेवाले उना नही, मी एकलीच जास, आसं बोलनी. माहेरले चालनी व्हती माय. आखाजीले माहेरवाशीणनं भाडं कोन लेस, ताई?"

भाऊ न्यायला आला नाही म्हणून म्हातारी एकटीच माहेरी निघाली होती. मी बाहेर थांबलेल्या शिक्षकांना आत बोलावलं. "आईचं माहेर कुठलं?"

त्यांनी ज्या गावाचं नाव घेतलं, ते त्याच फाट्यापासून तीन किलोमीटर आत होतं. "पण तिथं आता कोणीच नाही साहेब. मामा वारले, घर विकलं. म्हणून बोललो नाही." त्यांचं उत्तर बरोबरच होतं. मी विचारायचं ते विचारलं नव्हतं.

जीप काढली. फाट्यावरून आत वळल्यावर एक शेतकरी भेटला. "हाव, माय दखाई ना! पानी पाजं, गावनी वाट दखाडी." पुढे आणखी दोघांनी तेच सांगितलं. एरवी एवढ्या उन्हात एकटी म्हातारी दिसली असती तर कोणीतरी अडवून चौकशी केली असती. माहेरी निघालेल्या बाईला आखाजीच्या दिवशी कोण अडवणार? सगळ्यांनी मदतच केली, आणि ती घरापासून लांब लांब जात राहिली.

ती सापडली तिच्या जन्मघराच्या ओट्यावर. घर आता दुसऱ्यांचं. त्या घरच्या सुनेनं तिला सावलीत निजवलं होतं, डोक्यावर ओला पंचा ठेवला होता, मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत होती. तळपायाला फोड आले होते, अंग तापलं होतं, पण म्हातारी जिवंत होती. पाटल्या हातातच होत्या. शिक्षक तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले. तिनं त्यांना ओळखलं नाही.

तिला तातडीनं दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण आम्ही हात लावताच तिनं ओट्याचा खांब धरला. "मी नही येस! मनी ओटी भरानी बाकी शे!"

उचलूनच न्यावं, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात ती सून आत गेली आणि सुपात गहू, नारळ, खण घेऊन आली. शेजारची एक अक्का दबक्या आवाजात म्हणाली, "आवं, विधवानी ओटी कोन भरस?"

"तिले ते याद नही शे, अक्का," सून म्हणाली. "मंग आपुन कसाले याद ठेवानं?"

ओटी भरली गेली. म्हातारीनं पदर नीट खोचला, उंबऱ्याला हात लावून कपाळाला नेला आणि लंगडत, पण आपल्या पायांनी, जीपमध्ये जाऊन बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. चार दिवसांनी ती दवाखान्यातून घरी गेली. तिचा जीव त्या सुनेनं वाचवला, पोलिसांनी नव्हे.

संध्याकाळी ठाण्यात परतलो तर रिक्षावाला बाकावर तसाच बसलेला. त्याला सोडायला सांगायचं मी विसरूनच गेलो होतो. मला बघून तो उठला.

"साहेब, माय सापडनी का?"

"सापडली. बरी आहे."

"बरं व्हयनं." त्यानं रिक्षाची किल्ली मागून घेतली. मी चहाचं विचारलं तर म्हणाला, "नको साहेब. मनी बहीण उनी शे आखाजीले. सकायथून वाट दखी ऱ्हायनी."

पुढे विस्मरणाचा माणूस हरवला की उंची आणि वर्णाच्या आधी मी घरच्यांना विचारायचो, त्याचा जीव कुठे रमायचा? काही माणसं त्यामुळे सापडली. फुकट केलेल्या कामात गुन्हा शोधायची माझी खोड मात्र सावकाश गेली. त्या रिक्षावाल्याची माफी मागायला मला त्या संध्याकाळी तोंड उघडता आलं नाही. अंगावर वर्दी होती. आता ती नाही, म्हणून आज मागतो.