मातीच्या बैलांचं पाणी

सासरी टेंभुर्णीला गेले की माझी पहिली फेरी गावाबाहेरच्या पाझर तलावाकडे. उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा पडतो, पण भेगाळलेल्या गाळात पाणवनस्पतींचं बी आणि बारीक जिवांची अंडी पाण्याची वाट बघत पडून असतात. तो गाळ भिजवायचा आणि काय काय जागं होतं ते बघायचं, हे माझं पीएचडीचं काम.

यंदा परीक्षांच्या ड्युट्या आटपून पोचले, तर पोकलेननं तलाव पार मुरमापर्यंत खरवडला होता. गाळ शिवारभर पडून, नांगरून काळ्या रानात मिसळलासुद्धा. शेतकऱ्यांचं भलं झालं, माझ्या कामाचं वाटोळं. अंगणात बसून मी पोकलेनवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला आणि जाहीर केलं, संपली माझी पीएचडी.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्वारी निवडत ऐकत होत्या. त्या उठून आत गेल्या आणि देवघरातली मातीची बैलजोडी घेऊन आल्या. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या दावणीला बैल नाहीत, म्हणून मामा, माझे सासरे, पोळ्याला तलावाच्या गाळाची जोडी करून उन्हात वाळवायचे. ती वर्षभर देवघरात ठेवायची आणि पुढच्या पोळ्याला पाण्यात सोडायची, असा रिवाज. ही त्यांनी केलेली शेवटची. हिवाळ्यात ते गेले. बैलांच्या वशिंडांवर त्यांच्या अंगठ्याचे ठसे तसेच होते.

“त्याच तलावाची माती हाये. चालंल का बघ.”

मी हात मागे घेतला. “नको आत्या, मामांच्या हातचे आहेत.”

“मंग? पोळ्याला पाण्यातच सोडायचे व्हते न्हाई का? जरा जल्दी सोडू.”

घमेल्यात पाणी ओतून त्यांनीच बैल आत ठेवले. आधी शिंगं विरघळली, मग वशिंडं. मला रडू आलं. त्या मात्र नुसत्या बघत बसल्या.

काही दिवसांनी त्या गढूळ पाण्यात ठिपके हलायला लागले. पाणपिसवा होत्या, इवल्या शिंपल्यांत बसलेले तांदळाच्या कणीएवढे जीव होते, तळाशी शेवाळाचे हिरवे कोंब होते. आत्यांच्या हातात भिंग दिलं, ते काही केल्या परत मिळेना.

“आगं माय, कसे पळून राह्यले!”

माझं अडलेलं काम त्या घमेल्यातून पुन्हा सुरू झालं.

तलावात पाणी आलं तेव्हा आम्ही दोघी तिथं गेलो. खरवडलेल्या तलावात परत जे रुजणार होतं, त्याचं बियाणं आत्यांच्या डोक्यावरच्या घमेल्यात होतं. काठाशी वाकून त्यांनी सगळं सावकाश ओतलं. दावणीला बैल होते तेव्हा त्यांना पाणी पाजून आणल्यावर मामा रोज संध्याकाळी दारातूनच जे सांगायचे, तेच त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या,

“बैलायला पाणी दाखवलं बरं का.”