मायनं आंब्याचा शेंडा कापू दिला नाही

दोस्तहो, आज पोळ्याची सुट्टी, म्हणून घरी आलो आणि आल्या आल्या मायशी वाद घातला.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा मायनं अंगणातल्या आंब्याच्या कोया सोबत आणल्या. त्यातली एकच पुनर्वसनातल्या घरामागे रुजली. दर पोळ्याला माय रोपाशेजारच्या बांबूवर शेंड्याच्या उंचीला चिंधी बांधते.

रोप नुसतं सरळ वर जाऊन राहिलं होतं, म्हणून मी कात्री घेतली. "माय, शेंड्यात एक हार्मोन बनते. ते बाजूच्या फांद्या फुटू देत नाही. शेंडा कापला का झाड भरते."

"फांद्या नोको मले. वर जाऊ दे त्याले."

"काहून?"

"मोठं झालं का तू चढशील. आपलं गाव होतं तिथचं पानी पाहून मले सांगशील."

कात्री ठेवून दिली. यंदा मायचा हात शेंड्यापर्यंत पुरेना, म्हणून स्टुलावर चढून चिंधी मीच बांधली. खालून तिनं विचारलं, "दिसते का पानी?"

समोरच्या घराचे पत्रे तेवढे दिसत होते.

तुम्ही काय सांगितलं असतं?