मूठभर ढाळा

आमच्या रविवारच्या चालण्यात दमण्यासारखं काही नव्हतं. सोलापुरातून गाडीनं अर्ध्या तासावर, डांबरी रस्त्याच्या कडेला निंबाखाली गाड्या लावायच्या. वनखात्यानं लावलेल्या झाडीतून निघायचं, मग उघडा माळ लागायचा आणि माळ उतरला की दोन-चार रानांच्या बांधांवरून सीना नदी. चढ म्हणावा असा नाहीच. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली माणसंसुद्धा गप्पा मारत नदीपर्यंत पोचायची. माळावर कधीकधी काळविटं दिसायची. ती आमच्याकडं नुसती मान वर करून बघायची, पळायची नाहीत. आपण किती निरुपद्रवी माणसं, असं मला तेव्हा वाटायचं.

ही वाट मी शोधली होती. कॉलनीतली बाकी मंडळी शहरात वाढलेली आणि मी एकटीच खेड्यातली, हे मी त्यांना कधी विसरू देत नसे. हा पक्षी कुठला, हे गवत कशाचं, नदीला यंदा पाणी का कमी, सगळं मला विचारायचं. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळं माहीत नसलेलंही ठणकावून सांगायची सवय. लोक माना डोलवायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

नदीच्या आधीचं शेवटचं रान ज्वारीचं होतं. पौषात ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती. कडेनं काटेरी करडई आणि तिच्या अलीकडं, अगदी वाटेला लागून, हरभऱ्याची एक लांबट पट्टी. घाटे टच्च भरलेले. आमच्यातल्या एकीनं विचारलं, तोडले तर चालतील का? मी म्हणाले, तोडायचे नाहीत, रोपच उपटायचं. आमच्याकडं त्याला ढाळा म्हणतात. येता-जाता मूठभर ढाळा उपटून खाल्ला तर शेतकरी कधी नाही म्हणत नाही. एकच नियम, तिथंच खायचा, घरी न्यायचा नाही. असं सांगून मीच पहिलं रोप उपटलं. पानांवरची आंब बोटांना लागली, ओठ आंबट झाले आणि मी लहानपणात जाऊन आले. मंडळी तर हरखूनच गेली.

त्या दिवशी मालकीण रानातच होती. माझ्याच वयाची, किडकिडीत, डोक्याला फडकं बांधलेली. आम्हाला बघून ती लगबगीनं आली. आता ओरडते की काय, असं बाकीच्यांना वाटलं. पण तिनं लांबूनच "खावा की, खावा" म्हटलं आणि स्वतः चार रोपं उपटून आमच्या हातात दिली. मी मंडळींकडं असं बघितलं, की जणू तो हरभरा मीच पेरला होता.

पुढच्या रविवारी ती दिसली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही मात्र वाढत गेलो. फोनवरच्या ग्रुपमध्ये फोटो गेले, मग कुणाचे व्याही आले, कुणाचा पुण्याचा मुलगा सून-नातवंडांसह आला. एका गृहस्थांनी हरभरा खाताना सगळ्यांचा व्हिडिओ काढला. एकीनं कापडी पिशवी काढली, तेव्हा मी तिला चारचौघांत झापलं. घरी न्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना? पिशवी परत पर्समध्ये गेली आणि गावाची रीत राखल्याचं समाधान मला नदीपर्यंत पुरलं.

पट्टी वाटेपासून मागं सरत चालली होती. आधी वाटेवर उभं राहून हात पोचायचा, मग एक पाऊल आत टाकावं लागलं, मग आम्ही सरळ आत शिरू लागलो. हे मला दिसत होतं. मी काही बोलले नाही. माझ्या लहानपणी वाटसरू उपाशी पुढं गेला तर माझे वडील खरंच हळहळायचे. पण तो वाटसरू म्हणजे हरवलेला बैल शोधणारा एखादा, नाहीतर माहेराला निघालेली एखादी. दर आठवड्याला पोट भरून नाश्ता करून आलेला घोळका नव्हे. एवढा फरक माझ्यासारखीला कळत नव्हता असं कसं म्हणू? कळत होता. पण ग्रुपमधला माझा मान त्या हरभऱ्यावर उभा होता.

एका रविवारी आम्ही खाऊन पुढं निघालो आणि माझ्या लक्षात आलं, टोपी बांधावरच राहिली. बाकीच्यांना नदीकडं जायला सांगून मी मागं फिरले.

ज्वारी हलली आणि ती बाई आतून बाहेर आली. मी तिला दिसले नव्हते. आम्ही अर्धवट खाऊन टाकलेली रोपं ती एकेक उचलत होती, राहिलेले घाटे खुडून पदरात टाकत होती. तुडवलेली रोपं सरळ करून मुळाशी माती दाबत होती. मी तिथंच थांबले. मग तिनं वर बघितलं, आणि चोरी पकडल्यासारखी गोंधळली ती. मी नाही, ती.

कधी आलात, असं काहीतरी मी विचारलं. सकाळधरनं हितंच हाय, म्हणाली. मग दिसला नाहीत कशा? आत जरा गवत काढत होते, म्हणाली. पण तिच्या हातात ना खुरपं होतं ना गवत. मी बघत राहिले तेव्हा ती खाली बघून हसली.

"तुमी खाताना मी म्होरं दिसले की मानसाचा हात आखडतोय ताई. वाटंच्या मानसाला लाजल्यावानी हुतंय. मंग तुमी जाईस्तवर मीच आत बसती."

हरभरा बाजारात नेणार होता का, असं विचारलं. तर म्हणाली, कुठला बाजार, घरच्या डाळीपुरता टाकलाय, वर्षभर पुरतो. पुरेल का आता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पट्टी समोरच होती. माझे कान तापले आणि का कोण जाणे, मला तिचाच राग आला.

"मग नको म्हणायचं ना तुम्ही," मी म्हणाले. आवाज शाळेतला होता.

"आवं, वाटंच्या मानसाला नगं कसं म्हनायचं?" तिनं इतक्या साधेपणानं विचारलं, की जणू मला खरंच माहीत नसावं.

मला माहीत होतं. शेतकरी नाही म्हणत नाही, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. त्याला नाही म्हणताच येत नाही, एवढं मात्र मी सांगितलं नव्हतं. टोपी घेऊन मी नदीवर गेले. टोपी सापडली का, त्यांनी विचारलं. सापडली म्हटलं.

पुढच्या शनिवारी ग्रुपवर नेहमीसारखी विचारणा झाली, उद्या किती वाजता निघायचं? मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. खरं लिहायचं तर माझी शेखी, माझा नियम, पहिलं रोप, सगळंच लिहावं लागलं असतं. मी लिहिलं, ती वाट बंद झाली, मालकिणीनं बाभळीच्या काट्या टाकल्यात.

लगेच उत्तरं आली. गावंही आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. मूठभर हरभऱ्यासाठी एवढं? माणुसकीच संपली. मी त्याखाली एक रडका चेहरा टाकला. त्या चेहऱ्याची मला आजही इतकी लाज वाटते, की ग्रुप उघडला की तो भाग मी भराभर वर सरकवते.

दोन रविवार आम्ही शहरातल्याच तलावाला फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी दुपारी मी स्कूटी काढून एकटीच गेले. कशासाठी, ते ठरलेलं नव्हतं. ती या वेळी ज्वारीत नव्हती. बांधाच्या टोकाला, वाटेवरून दिसेल अशी बसली होती. मला बघून उठली आणि माझ्या मागं माळाकडं बघू लागली.

"येकट्याच? मंडळी कुटं हाईत?"

मी टोपी काढून हातात घेतली.

"दोन आयतवार आली न्हाईत. मी त्या दिशी मधीच भाईर आले, म्हनून राग आला का त्यास्नी? माजं काय चुकलं का, ताई?"

आता तरी खरं बोलायला हवं होतं. तुम्ही काट्या टाकल्यात असं मी सगळ्यांना सांगितलंय, एवढं एक वाक्य. मी म्हणाले, थंडीनं त्यांचे गुडघे धरलेत. तिनं ते लगेच खरं मानलं. थंडीचं दुखतंयच, म्हणाली, आणि मी अडवायच्या आत पट्टीत शिरली. उरलेल्यातला चांगला भरलेला कवळाभर ढाळा उपटला, माती झटकली, ज्वारीच्या पानानं बांधला आणि माझ्या हातात दिला. चालता येत नाही तर घरी बसून खातील, म्हणाली.

मी मागं सरले. घरी न्यायचा नसतो, म्हणाले. तोच माझा नियम.

"तुमी कुटं न्याया लागलाय? मी देती की."

येताना तो भारा स्कूटीवर पायांपाशी ठेवला होता. माळावरच्या कच्च्या रस्त्यावर तो पायाला घासत होता आणि पायाला आंबेची खाज सुटली होती. मी गाडी थांबवून तो नीट ठेवला नाही. खाजू दे म्हटलं.

रविवारी सकाळी कॉलनीच्या फाटकाशी सगळे जमले. मी भारा एका गाडीच्या बॉनेटवर ठेवला. केवढा आनंद झाला त्यांना. बाजारातून आणलात का, कुणीतरी विचारलं. एकीनं रोप हातात घेऊन घाटा सोलायलाही सुरुवात केली.

मी सांगितलं, त्या बाईंनी दिलाय. तुमच्यासाठी. तिथं काट्या नाहीत, कधीच नव्हत्या. मी खोटं बोलले.

मग बाकीचंही सांगून टाकलं. तो हरभरा म्हणजे तिच्या घरची वर्षाची डाळ होती, हेही. सोलणाऱ्या बाईचे हात थांबले. माणुसकी संपली असं लिहिणारे गृहस्थ चष्मा पुसत होते. तो परत डोळ्यांवर चढवून त्यांनीच विचारलं, "पण इतके रविवार ती बाई होती कुठं?"

"ज्वारीत," मी म्हणाले. "आपल्याला खाताना लाज वाटू नये म्हणून आत बसायची."

सोलणारीनं हातातला घाटा परत भाऱ्यावर ठेवला. मग कुणी त्याला हात लावला नाही आणि निघूयाही म्हटलं नाही. ऊन बॉनेटवर आलं, पानं मलूल व्हायला लागली, तेव्हा मीच तो भारा उचलला आणि घरी नेला.